आवक-जावक

विषय जरा अवघड आहे, तेव्हा जेवता जेवता वाचू नये हे आधीच सांगून ठेवतो. पण टाळण्यासारखा मात्र नाही.

आमच्या घरात संडास बांधला गेला त्यानंतरही कितीतरी वर्षे आजी 'परसाकडे'च जाऊन येत होती. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. देशावरचा माणूस 'झाड्याला' जातो, कुणी नुसताच 'बाहेर' जाऊन येतो, कचेरीच्या कागदात 'शौचास' जातो आणि आताची मुले 'वॉशरूमला' जातात. सुरतेकडे 'जाजरू' म्हणतात. मूळ फारसीत त्याचा अर्थ 'गरजेची जागा'. गंमत पाहा, या शब्दांत जागा आहे, दिशा आहे, शुद्धी आहे. काम मात्र कुठेच नाही. कामाचा जो अस्सल मराठी शब्द आहे तो शिवीच्या वाटेला गेला.

ही सभ्यता धडधाकट माणसाला परवडते. ज्याच्या पाठीचा कणा मोडला आहे त्याला परवडत नाही. हे मी पाहिले ते कोसाडमध्ये.

कोसाड सुरतच्या उत्तरेला, तापी ओलांडली की अमरोलीला लागून आहे. सुरतहून भरूचकडे जाणारी लोकल उत्राणनंतर तिथे थांबते. एके काळचे गाव. आता महापालिकेच्या आवास योजनेच्या वसाहती, माग, भरतकामाच्या यंत्रांचे कारखाने आणि सगळ्या मुलखांतून आलेली माणसे. सुरतेत मराठी कानावर पडायला वेळ लागत नाही. ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येत आली आहेत. माझा धाकटा भाऊ डिप्लोमा करून एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला लागला, तिथेच एका खानदेशी कुटुंबातली मुलगी करून राहिला. कोसाडला तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, एक मुलगा, सुट्टीत गोव्याला येणे-जाणे, असे सगळे बेताचे आणि बरे चालले होते.

मे २०१८ मध्ये, पावसाळ्याआधी गळती बघायला म्हणून तो शेडवर चढला आणि सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला. खाली पडला तो पाठीवर. मणका डी-१०. शस्त्रक्रिया झाली, पाठीत सळ्या बसल्या आणि बेंबीखालचे सगळे शरीर त्याला परके झाले.

अशा वेळी सगळे जण एकच विचारतात, 'पाय हलतात का?' सुरतेचे शेजारी तेच विचारत, गोव्याहून येणारे फोन तेच विचारत. आम्हीही डॉक्टरांना तेच विचारत होतो. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्या होत्या, कमरेचा पट्टा होता, व्यायाम होते, लघवीच्या नळीची काळजी होती. पोटाविषयी एवढेच होते: बद्धकोष्ठ झाल्यास जुलाबाचे औषध. त्या एका ओळीवर त्या घराचे पुढचे अडीच महिने गेले.

मी अर्जित रजा टाकून ऑगस्टमध्ये तिथे पोचलो, तेव्हा भाऊ निम्मा झाला होता. आधी मला वाटले, दुखण्याने. मग लक्षात आले की तो जेवतच नव्हता. अर्धी भाकरी, दोन घोट पाणी. आत काही गेलेच नाही तर बाहेरही काही येणार नाही, असा त्याचा साधा हिशेब. कारण बाहेर कधी येईल हे त्याला कळत नव्हते. कळ येत नाही, भरल्याची जाणीव नाही, आले तरी समजत नाही. समोरच्याचा चेहरा बदलला की समजायचे. कारखान्यातले सोबती भेटायला आले असताना एकदा तसे झाले. त्यानंतर त्याने भेटायला येणाऱ्यांना बंदीच केली. रात्री दिवा मालवल्यावर मला म्हणाला, "दादा, पांय गेले जाल्यार गेले, पूण हें नाका."

आणि भावजय? जेठाशी बोलताना पदर सावरणारी, 'दादा, चहा ठेवू?' यापलीकडे माझ्याशी फारसे न बोललेली बाई. माझ्या रजेच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, ह्यांना आज चौथा दिवस. एरंडेल देऊ का?" हे वाक्य बोलायला तिला काय पडले असेल ते आपल्याकडच्या घरांत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. चौथा दिवस कशाचा, हे दोघांनाही न उच्चारता कळले. एरंडेलाचा अनुभव घराला आधी एकदा आला होता. शेजारच्या एका थोर बाईंच्या सल्ल्याने दिले. रात्रभर काही नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबायचे नाव नाही. चादरी धुऊन तिचे हात सोलले, त्याची कातडी ओली राहून लाल झाली. पाठीच्या कण्याच्या दुखण्यात ओली कातडी म्हणजे शय्याव्रणाला आमंत्रण.

वाट दाखवली ती घरोघरी मलमपट्टीला जाणाऱ्या एका निवृत्त सिस्टरने. मूळची केरळची, हिंदी-गुजरातीची खिचडी बोलणारी. तिने पुतण्याच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून जे समजावले ते असे. मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तिच्या अगदी शेवटच्या टोकात आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदद्वाराचा स्नायू यांचे केंद्र असते. इजा या टोकाच्या वर झाली असेल तर ते केंद्र जिवंत राहते, फक्त मेंदूशी त्याचा संबंध तुटतो. माझ्या भाषेत सांगायचे तर मामलेदार कचेरी शाबूत आहे, सचिवालयाचा फोन तेवढा बंद पडला आहे. खालची कचेरी आपल्या अखत्यारीतले काम करू शकते, कुणीतरी तिला जागे करायला हवे. अशा माणसाचा गुदद्वाराचा स्नायू घट्ट मिटलेला राहतो, पण योग्य चेतना दिली की आतडे आपोआप आकुंचन पावून मळ पुढे ढकलते. इजा टोकालाच किंवा त्याखालच्या नसांच्या झुपक्याला झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खालची कचेरीच बंद. स्नायू सैल पडतो, थोडे थोडे गळत राहते आणि हातमोजा घातलेल्या बोटाने रोज मळ काढावा लागतो. तिथे मळ जरा घट्टच ठेवायचा असतो. दोन इजा, दोन तऱ्हा. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर हालच. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर मज्जारज्जू बधिर असते, तेव्हा वरच्या इजेतही खालचे केंद्र झोपलेलेच असते.

भावाची तऱ्हा पहिली. म्हणजे त्याच्या कोठ्याला शिकवता येण्यासारखे होते.

आयुर्वेदात तेरा 'अधारणीय वेग' सांगितले आहेत. अडवू नयेत असे शरीराचे नैसर्गिक आवेग. शिंक, जांभई, तहान, भूक, झोप यांच्याबरोबर मळाचा वेगही त्यात आहे. आपले सगळे घरगुती शहाणपण या वेगाभोवती उभे आहे: लागली की जावे, दाबू नये. पण ज्याला लागतच नाही त्याने काय करावे? सिस्टरचे उत्तर एका शब्दाचे होते. टाइम. वेग गेला, त्याच्या जागी वेळ आणायची. कोठा घड्याळ शिकतो. पण रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, न कंटाळता शिकवले तर.

क्रम असा ठरला. सकाळी सहाला कोमट पाणी, मग चहा आणि काहीतरी खाणे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपसूक हलू लागते. ही देणगी कणा मोडल्यावरही बऱ्यापैकी उरते. त्यानंतर वीस-तीस मिनिटांत कामाला लागायचे. डाव्या कुशीवर वळवून सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून सरकवायची मेणासारखी गोळी. ती मळात रुतून बसली तर वाया जाते, आतड्याच्या भिंतीला टेकायला हवी. मग भोक असलेल्या चाकांच्या खुर्चीवर बसवायचे. आडव्या माणसापेक्षा बसलेल्याचे पोट लवकर साफ होते, कारण गुरुत्वाकर्षण फुकट मदत करते. पंधरा-वीस मिनिटांनी हातमोजा, भरपूर जेली आणि बोट हळुवार आत घालून पंधरा-वीस सेकंद गोल फिरवायचे. घाई नाही, नख नाही, जोर नाही. पाच-दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा करायचे. दोनदा केल्यावरही काही आले नाही की संपले असे समजायचे. सगळे मिळून तासाभरात आटपायला हवे. रोज की एक दिवसाआड, हे ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे. हे वाचून कुणी आपल्या मनाने सुरू करू नये. बोटाचे काम जाणत्या माणसाकडून समोर बसून शिकायचे असते.

दोन खोल्यांच्या घरात ही खुर्ची आणायची कुठून आणि न्यायची कशी? संडासाचे दार चाकाच्या खुर्चीला पुरत नव्हते. खुर्ची सहज जायची तर दार निदान ९० सेंटिमीटरचे हवे; तिथे जेमतेम ६० होते. अमरोलीच्या एका वेल्डरने लोखंडी चौकट बनवली, खाली चार लहान चाके, वर रेक्झिनची गादी आणि मधे भोक, अशी की देशी भांड्यावर बरोबर येऊन थांबेल. गादी चैनीसाठी नव्हती. ज्याला बसलेले कळत नाही त्याला कठीण कडेवर तासभर बसवले तर कातडीला जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

आता माझा वाटा. मी आयुष्यभर केले काय, तर नोंदी ठेवल्या. सिस्टर म्हणाली, लिहून ठेवा. मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. एका बाजूला आवक: काय खाल्ले, किती पाणी, इसबगोल किती, कुठल्या गोळ्या. दुसऱ्या बाजूला जावक: किती वाजता, किती मिनिटे, किती, कोणत्या प्रतीचे. प्रतीसाठी वर्णने लिहीत बसावे लागत नाही. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मळाचा सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला. एक म्हणजे लेंड्या, सात म्हणजे पाणी. आपल्याला हवा चौथा. नुसता आकडा लिहायचा. आणि इथे या वहीने एक अनपेक्षित काम केले. भावजयीला माझ्यासमोर तोंडाने जे सांगता येत नव्हते ते आकड्यात लिहिता येत होते. 'दादा, आज दोन आहे, इसबगोल वाढवू?' यात लाजण्यासारखे काही उरले नाही. शब्द नव्हता तिथे आकडा चालला.

वहीने पंधरा दिवसांत काही गोष्टी दाखवल्या. ज्या दिवशी पाणी कमी, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक नंबर. इसबगोल उंझा-सिद्धपूरकडून जगभर जातो, गुजरातेत तो घरोघरी. पण पुरेशा पाण्यावाचून घेतला तर तोच आत अडसर होतो. लघवीच्या गोळ्यांनी आणि दुखण्याच्या गोळ्यांनी कोठा घट्ट होतो. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, एकदा पातळ गळू लागले म्हणून शेजाऱ्यांनी जुलाब थांबवायची गोळी सुचवली. सिस्टरने पोट चाचपले आणि सांगितले की आत घट्ट गोळा अडकला आहे, त्याच्या कडेने पाणी झिरपते आहे. वरून जुलाब, आतून बद्धकोष्ठ. चारपाच दिवसांची जावक कोरी आहे हे वहीत समोरच होते. ती गोळी दिली असती तर रुग्णालय गाठावे लागले असते.

एक धोका भावाला नाही, पण वाचकांपैकी कुणाच्या घरी असू शकतो म्हणून सांगतो. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल, तर तुंबलेले आतडे किंवा भरलेले मूत्राशय रक्तदाब एकाएकी भलताच वाढवू शकते. डोके फुटेल असे ठणकते, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. तेव्हा माणसाला ताबडतोब उठवून बसवायचे, कपडे-पट्टे सैल करायचे, लघवीची नळी अडली आहे का बघायचे आणि वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा. याला डोकेदुखी समजून बाम चोळत बसणे जिवावर बेतू शकते.

आई गोव्याहून आली ती सप्टेंबरात. सोवळ्याची बाई. तिला सगळ्यात टोचले ते हे की ज्या हाताने हे करायचे त्याच हाताने स्वयंपाक. हातमोजा, साबण, गरम पाणी, सगळे सांगून झाले. ती देवासमोर बसून राहायची, जेवायची नाही. भावजय गप्प. मला त्या दिवसांत आप्पासाहेब पटवर्धनांची आठवण होत होती. कणकवली म्हणजे आपल्याला काही दूर नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली आप्पांनी मागणी केली ती भंगीकामाची. मिळेना म्हणून अन्न कमी केले, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपास आरंभला. पुढे गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि खत हे आयुष्याचे काम केले. मैल्याला शिवणारा हात हलका, ही समजूत मोडायला त्यांनी आयुष्य घातले. मी हे आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते महात्मे. ही माझी सून आहे."

बदल घडला तो व्याख्यानाने नाही, वेळापत्रकाने. पूर्वी दिवसात केव्हाही, दोनदा-तीनदा निस्तरावे लागे, त्यामुळे घर सतत ओवळे. आता सकाळी साडेसहा ते साडेसात ते काम, मग भावाची आंघोळ, मग भावजयीची, मग चूल. हा क्रम आईला ओळखीचा वाटला. आधी हे, मग न्हाणे, मग देव, मग अन्न. तिच्या सोवळ्याची घडण तरी याहून वेगळी काय होती? दसऱ्याच्या सुमारास ती सुनेच्या हातचे निमूट जेवू लागली. पुढे तर सहाच्या कोमट पाण्याची वेळ चुकली की आईच हाक मारायची.

मी रजा संपवून पणजीला परतलो. नंतर वाचनात आले ते थोडे मांडतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेल्या माणसाने बहुधा लघवीच्या विषाराने नाहीतर शय्याव्रणाने मरायचे, असेच चाले. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे विभाग उघडला आणि कूस बदलणे, मूत्राशय, आतडे, काम, खेळ या सगळ्याला शिस्त लावली. १९४८ मध्ये तिथे सुरू झालेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. आपल्याकडे खडकीला जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये सर्वांनी पाहिला. पदके दिसतात. पदकाआधीच्या रोजच्या सकाळी कुठल्या चित्रपटात दिसत नाहीत.

म्हणून मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजुक यांचे मोल अधिक वाटते. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर गेले, सरकारी नोकरी केली, पुढे १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात एक मराठी बाई आपल्या परावलंबी शरीराविषयी आडपडदा न ठेवता बोलते. दीपा मलिक यांनी २०१६ साली रिओला गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. मलमूत्रावर आपला ताबा नाही हे त्या जाहीरपणे सांगतात. अमेरिकेत किम अँडरसन यांनी २००४ साली ६८१ मेरुरज्जूबाधितांना विचारले, काय परत मिळाले तर तुमचे आयुष्य सर्वांत सुधारेल? चालणे हे उत्तर सगळ्यांत वर येईल असे आपल्याला वाटते. ते आले नाही. हात लुळे पडलेल्यांनी हात मागितले, इतरांनी कामजीवन; आणि मूत्राशय व आतडे दोन्ही गटांना महत्त्वाचे वाटले. भावाने अंधारात कोकणीत जे सांगितले होते तेच हे.

उपायही पुढे गेले आहेत. गुदद्वारातून पाणी सोडून आतडे धुण्याची साधने निघाली. २००६ च्या एका युरोपीय चाचणीत ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. काही जण विचारपूर्वक पोटावर पिशवी करून घेतात आणि सुटल्यासारखे वाटते म्हणतात. भावाला यांची गरज पडली नाही. त्याच्यासाठी सर्वांत मोठी क्रांती घडली ती २०१९ साली. त्याचे हात तर शाबूत होते. तो हे सगळे स्वतः करायला शिकला. खुर्चीवर बसून, बाजूला वाकून, आरशाच्या मदतीने. पहिल्या दिवशी दीड तास लागला. बाहेर आला तेव्हा घामाघूम, पण चेहरा असा की जणू परीक्षा पास झाला. भावजय त्या दिवशी सकाळी साडेसहाला काही काम नसलेली बाई होती. ती दारात बसून चहा प्यायली. मला फोनवर एवढेच म्हणाली, "दादा, आता मी पुन्हा ह्यांची बायको." जेठाशी इतके मोकळे ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

मग तो जेवू लागला. लोक येऊ लागले. भरतकामाच्या यंत्रांसाठी संगणकावर नक्षी पाडून देण्याचे काम सुरतेत घरबसल्या मिळते. त्याला 'पंचिंग' म्हणतात. ते तो शिकला आणि आता त्यावर घर चालते. मुलाच्या शाळेत पालकसभेला जातो. जायच्या आधी विचार एकच, आजची जावक झाली का? झाली असेल तर दिवस त्याचा.

२०२२ मध्ये तो चवथीला घरी आला. त्यासाठी आधी दोन आठवडे एक दिवसाआडचे गणित असे बसवले की प्रवासाचा दिवस मोकळा यावा. सुरतहून मडगावला थेट गाडी आहे, पण त्या गाडीच्या संडासात तो कसा जाणार? घरी मात्र नेवऱ्या, पातोळ्या, खतखते, शेजारच्या घरचा प्रसाद, जागरण. वहीतले रकाने पार विस्कटले. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना त्याला झाले. माटोळीखाली तीसेक माणसे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी उठायच्या आत आई उठली, कपाटातून जुने लुगडे काढले, त्याच्या मांडीवर पांघरले आणि खुर्ची स्वतः ढकलत न्हाणीकडे घेऊन गेली. जाता जाता मोठ्याने म्हणाली, "चला, ह्याची वेळ झाली." कुणी वळून पाहिले नाही. आरती चालूच राहिली. वीस मिनिटांनी तो कोरड्या कपड्यांत परत आला आणि प्रसादाला बसला. चार वर्षांपूर्वी असे झाले असते तर पुढचे चार महिने तो कुणाला तोंड दाखवता ना.

आपल्या गोव्यात माडावरून पडलेला पाडेली कुठल्या वाड्यावर नाही? आंबे काढताना पडलेला, कौले शाकारताना पडलेला, मोटरसायकलवरून उडालेला. त्यातले काही जण मागच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून आहेत. लोक म्हणतात, पाय गेले म्हणून बाहेर येत नाही. पायांसाठी खुर्ची मिळते. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट भरतो, कचेऱ्यांना रॅम्प होऊ लागले, हे चांगलेच आहे. पण रॅम्प चढून गेलेल्या माणसाला आतल्या संडासाचे दार पुरते का, हेही कुणीतरी टेप लावून पाहायला हवे. आणि त्या मागच्या खोलीतल्या माणसाला भेटायला गेलात, तर पायांचे विचारून झाल्यावर जरा जवळ बसा आणि पोटाचे कसे चालले आहे तेही विचारा. सरळ शब्दांत विचारा. तो जेवण का टाळतो, ते कदाचित तेव्हाच कळेल.